रोड बाइकला क्लिपलेस पेडल: दोन बोल्टचं एसपीडी घेऊ की तीन बोल्टचं एसपीडी-एसएल? (इंदूर)

राजेंद्रनगर_रायडर

नमस्कार मंडळी, इथले सायकलीचे धागे बरेच दिवस वाचतोय, विचारतोय मात्र पहिल्यांदाच. माझ्याकडे ॲल्युमिनियम फ्रेमची रोड बाइक आहे आणि तिच्यासोबत आलेले साधे प्लॅस्टिकचे फ्लॅट पेडलच अजून चालू आहेत. आता क्लिपलेस, म्हणजे बुटाच्या तळाला लावलेली क्लीट नावाची पट्टी ज्यात अडकते ते पेडल, लावायचंय पण दुकानात गेलं की प्रत्येक जण वेगळं सांगतो, एक म्हणतो रोड बाइक आहे ना मग तीन बोल्टवालंच (एसपीडी-एसएल) पाहिजे, दुसरा म्हणतो एमटीबीवालं (डोंगरी सायकलचं, दोन बोल्टचं एसपीडी) लाव आणि निवांत राहा, तिसरा म्हणतो पडशील, नको लावू.

माझं चालवणं सांगतो म्हणजे अंदाज येईल. आठवड्यात तीन-चार दिवस राजेंद्रनगरहून विजयनगरला ऑफिस, म्हणजे राजीव गांधी चौराहा, भंवरकुआं, नवलखा, पलासिया, सगळा एबी रोड आणि सगळे सिग्नल. रविवारी ग्रुपबरोबर राऊ, महू करत जामगेट, कधी सिमरोलच्या बाजूला. थंडीत २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) करायची मनापासून इच्छा आहे, तिला साडेतेरा तास असतात म्हणजे वेळेचं टेन्शन नाही, पण पाय दिवसभर पेडलवर राहणार.

त्रास दोन. पावसात बूट पेडलवरून सटकतो, मागे जामगेटच्या खाली उतरून परत घाट चढताना उभं राहून मारत होतो तेव्हा पाय सटकला आणि पेडल नडगीवर बसलं, चांगलंच सोललं होतं. आणि लांबच्या राईडनंतर डावा गुडघा बाहेरच्या अंगाने दुखतो. बजेट शूज धरून दहा हजारांच्या आसपास. काय घेऊ?

महूवाला

डोळे मिटून दोन बोल्टचं एसपीडी घे, म्हणजे ज्याची क्लीट बुटाला दोन बोल्टने बसते ते, दोन्ही बाजूंनी अडकणारं. शिमानोचं एम ५२० बघ, वर्षानुवर्षं तेच डिझाइन चालू आहे, दिसायला साधं, वजनाला थोडं जास्त, पण चिखलपाणी सगळं सोसतं आणि क्लीट डब्यातच येतात.

कारण तू लिहिलेला रस्ता. नवलखा ते पलासिया एवढ्यातच किती वेळा पाय टेकावा लागतो बघ. एसपीडी-एसएलला पाय अडकवायची एकच बाजू असते, पेडल मागून जड असतं म्हणून पाय काढला की नाक वर करून लटकतं, निघताना बुटाच्या टोकाने ते नाक पकडायचं आणि मग दाबायचं. सवयीने जमतं, हजारो लोकांना जमतं, पण सिग्नल सुटलाय, मागून बस हॉर्न मारतेय, डावीकडून मॅजिकवाला सवारी घ्यायला आत घुसतोय, अशा वेळी मान खाली घालून पेडल शोधणं मला धोक्याचं वाटतं. दोन बाजूंच्या पेडलकडे बघावंच लागत नाही, पाय ठेवला, दाबला, कट्ट आवाज आला, निघालो.

दुसरं म्हणजे चालणं. एसपीडीची क्लीट स्टीलची आणि छोटी असते, बुटाच्या सोलमधल्या खोलगट जागेत बसते, त्यामुळे चालताना रबरच जमिनीला लागतं. एसएलची क्लीट प्लॅस्टिकची आणि सोलच्या बाहेर आलेली. महूला पोहे खायला थांबतो तिथे ओल्या फरशीवर एसएलवाले चालताना बघितलेत का, चवडा उचलून नुसत्या टाचांवर, एका हातात प्लेट आणि दुसरा हात भिंतीला. बीआरएममध्ये तर प्रत्येक कंट्रोलला (वाटेतल्या तपासणीच्या थांब्याला) उतरायचं, शिक्का घ्यायचा, पाणी भरायचं, काही खायचं, पेट्रोल पंपावर बाथरूमला जायचं, दिवसभरात बरंच चालणं होतं. लांब पल्ल्याच्या राईडला एसपीडी लावणारे इतके दिसतात ते त्याचमुळे.

आणि पावसाळा विसरू नकोस. आपली माळव्याची काळी माती एकदा बुटाला लागली की निघत नाही. साइड द्यायला रस्त्याच्या खाली पाय टेकवला तर एसएलच्या क्लीटखाली ती थापली जाते आणि मग पेडल पकडतच नाही, काडी शोधून उकरत बसा. एसपीडीतही माती जाते, पण तिथे मोकळी जागा जास्त असते, दोन-तीनदा जोरात दाबलं की बाहेर पडते.

घाटवेडा

शहरापुरतं महूवाला बरोबर बोलतोय, पण तीन बोल्टची बाजू कुणीतरी नीट मांडायला पाहिजे म्हणून लिहितो.

एसएलचा प्लॅटफॉर्म रुंद असतो, क्लीट मोठी, तीन जागी घट्ट धरलेली, त्यामुळे उभं राहून चढ मारताना पाय जरासुद्धा डुलत नाही. जामगेटच्या घाटात शेवटच्या वळणांवर सगळं वजन पेडलवर टाकता ना तेव्हा हा फरक कळतो, पाय आणि क्रँक (पेडल ज्याला जोडलेलं असतं ती भुजा) एकच वस्तू झाल्यासारखं वाटतं. सोल कडक, बूट हलके, आणि एकदा अडकला की पाय चुकून निघत नाही. महूच्या पुढे रस्ता मोकळा मिळतो, तिथे तासभर पाय काढायचं कामच पडत नाही, मग एका बाजूचं पेडल असल्याने काय अडतं?

फक्त घेताना रंग बघून घ्या, दुकानदार पुष्कळदा सांगत नाहीत. शिमानोच्या एसएलमध्ये पिवळी क्लीट म्हणजे ६ अंश फ्लोट, निळी २, लाल शून्य. फ्लोट म्हणजे अडकलेल्या अवस्थेत टाच डावीउजवीकडे किती मोकळी हलते ते. नवीन माणसाने पिवळीच. लाल दिसायला रेसवाली वाटते म्हणून घेऊ नका, गुडघ्याला शिक्षा आहे. लूक कंपनीच्या किओमध्ये रंगांचा हिशोब पुन्हा वेगळा, तिथे लाल म्हणजे सगळ्यात जास्त, ९ अंश, करडी साडेचार आणि काळी शून्य. म्हणजे लाल क्लीट एका कंपनीत सगळ्यात मोकळी आणि दुसरीत सगळ्यात जखडलेली. आणि दोघांच्या क्लीट दिसायला सारख्या असल्या तरी एकमेकांच्या पेडलला बसत नाहीत, ऑनलाइन मागवताना नीट वाचा.

चालण्याचा मुद्दा मान्य. क्लीटवर घालायचे रबरी कव्हर मिळतात ते जर्सीच्या खिशात ठेवायचे. कव्हर न घालता चाललात तर पिवळ्या क्लीटच्या कोपऱ्यांवरचं रबर आधी जातं, मग पुढची जीभ झिजते आणि पेडलमध्ये खडखड सुरू होते, की क्लीट बदला. स्टीलची क्लीट त्या मानाने फार काळ टिकते, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

राजेंद्रनगर_रायडर

दोघांचे आभार, रंगांचं तर कुणीच सांगितलं नव्हतं. एक शंका. एसपीडीची क्लीट एवढीशी, तर लांब राईडला तळपायाच्या एकाच जागी दाब येऊन आग होते असं ऐकलंय, खरं का? आणि गुडघ्याचं काय, पाय अडकून राहिला तर दुखणं वाढेल का?

महूवाला

आग होते ती बुटामुळे. मऊ सोलचा बूट घेतला तर क्लीटचा उंचवटा आतून टोचणारच. सोल कडक असला की दाब सगळ्या तळव्यावर पसरतो, मग क्लीट छोटी आहे का मोठी पायाला कळत नाही. दुकानात बूट दोन्ही हातांत धरून मोडायचा प्रयत्न कर, चपलेसारखा वाकला तर ठेवून दे.

आणि पैसे बुटावर जास्त घाल, पेडलवर कमी. आपल्या लोकांचे पंजे पुढून रुंद असतात आणि बरेचसे सायकलचे बूट पुढून निमुळते, म्हणून लांबी बरोबर असून करंगळी दाबली जाते. काही मॉडेल रुंद साच्यात मिळतात, ती विचार. संध्याकाळी जाऊन घालून बघ, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, राईडमध्येही सुजतात. एंट्री लेव्हलच्या काही बुटांना खाली दोन्ही प्रकारची भोकं असतात, तसा मिळाला तर पुढे एसएलकडे जायचं झालं तरी नवीन बूट लागणार नाही, मात्र त्यात एसपीडी लावली तर ती सोलच्या बाहेर राहते आणि चालायचा आराम निम्मा जातो.

फिजिओ_टिळकनगर

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः सायकल चालवते, म्हणून गुडघ्यावर थोडं सविस्तर लिहिते. दादा, तुमचा गुडघा प्रत्यक्ष बघितल्याशिवाय निदान करणार नाही, पण पेडल बदलताय तर या गोष्टी आधी बघा.

साधारण असं दिसतं की गुडघा पुढून, वाटीच्या आसपास दुखत असेल तर बऱ्याचदा सीट खाली असते, मागून दुखत असेल तर सीट जास्त वर. आतून किंवा बाहेरून दुखत असेल तर पायाची दिशा आणि पायांमधलं अंतर तपासायचं, आणि बाहेरच्या दुखण्यात सीट फार उंच नाही ना हेही. फ्लॅट पेडलवर पाय आपली जागा स्वतः शोधतो. क्लिपलेसमध्ये तो तुम्ही क्लीट जिथे आवळाल तिथेच तासन् तास राहणार, एका मिनिटाला ८० ते ९० वेळा तीच हालचाल. क्लीट दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे असेल तर महूपर्यंत काही कळणार नाही, १०० किमीनंतर कळेल.

आता लावायची कशी. बूट घालून चवड्याच्या दोन्ही बाजूंची हाडं चाचपा, अंगठ्यामागचं ठळक हाड आणि करंगळीमागचं. बुटावर पेनाने दोन खुणा करा. पेडलचा दांडा (ज्याभोवती पेडल फिरतं तो) या दोन खुणांच्या मधोमध यायला पाहिजे, शंका असेल तर क्लीट किंचित टाचेच्या बाजूला सरकवा, पुढे नको, पुढे गेली की पोटरीवर आणि टाचेच्या शिरेवर ताण येतो. मग उंच टेबलाच्या कडेवर बसून पाय मोकळे सोडा आणि पंजे कुठे बघतात ते पाहा. अनेकांचा एक पंजा दुसऱ्यापेक्षा जास्त बाहेर वळलेला असतो. तो तसाच राहू द्या! दोन्ही पाय नाकासमोर सरळ करायच्या नादात लोक गुडघे बिघडवून घेतात. पंजा बाहेर वळत असेल तर क्लीटचं टोक थोडं आत, म्हणजे अंगठ्याकडे फिरवायचं, की बूट आपोआप बाहेर वळतो. टाच क्रँकला घासायला लागली तर क्लीट अंगठ्याच्या बाजूला सरकवा, पाय बाहेर जातो.

आणि पेडल-बूट नवीन झाले की सीटची उंची परत बघा, कारण सोलची आणि पेडलची जाडी बदलते. हे जवळजवळ सगळे विसरतात आणि मग पेडलला दोष देतात.

पहिले काही आठवडे लांब राईड नको. एसपीडीत साधारण ४ अंश फ्लोट असतो, बहुतेकांना पुरतो. एवढं करूनही दुखलं तर अंगावर काढू नका, कुणाला तरी दाखवा.

सायकलकाका

फिजिओताईंना अनुमोदन. आम्ही तरुणपणी टो-क्लिप आणि चामडी पट्ट्याचे पेडल चालवले, पट्टा आवळला की पाय बाहेर काढायला हात खाली न्यावा लागायचा. १९८४ मध्ये लूक कंपनीने, जी बर्फावरच्या स्कीची बाइंडिंग बनवायची, तेच तंत्र सायकलला आणलं, आणि १९८५ ची टूर द फ्रान्स बर्नार्ड इनोने ते पेडल लावून जिंकली. त्यानंतर पट्टे गेलेच. शिमानोचं एसपीडी १९९० चं, मूळ एमटीबीसाठी, सायकल खांद्यावर घेऊन चिखलात पळता यावं म्हणून. तेव्हा दोन्ही आपापल्या कामासाठी जन्माला आलेत, तुझं काम कुठलं ते बघ, बाळा.

मला पडण्याबद्दल सांगायचंय, कारण नवीन पोरं त्याच भीतीने थांबतात. पाय वर ओढून निघत नाही, टाच बाहेर फिरवली की निघतो. हे डोक्याला कळतं, पण घाबरल्यावर पाय वरच ओढला जातो. म्हणून हे शरीरात मुरवायला पाहिजे. घरी गॅलरीचा कठडा किंवा भिंत धरून उभा राहा आणि एकेक पाय अडकव, काढ, शंभर वेळा, टीव्ही बघत कर. मग कॉलनीतल्या मोकळ्या रस्त्यावर, आणि एबी रोडवर त्यानंतरच.

चालवताना दोन गोष्टी. चौराहा दिसला की लांबूनच डावा पाय मोकळा कर, थांबल्यावर नाही. पेडल खाली असताना टाच सहज फिरते. आणि डावाच पाय का, तर आपण रस्त्याच्या डावीकडे असतो, पडलाच तर फुटपाथकडे पडशील, ट्रॅफिककडे नाही. पाय डावा काढलास तर अंगही डावीकडेच झुकव! बहुतेक जण चालत्या गाडीवरून पडत नाहीत, उभ्या गाडीवरून पडतात, एक पाय काढला आणि तोल दुसरीकडे गेला म्हणून.

पेडलची पकड कमी-जास्त करणारा टेन्शनचा स्क्रू एलन कीने अगदी सैल करून सुरुवात कर, उणे खुणेकडे. दोन बाजूंच्या पेडलला प्रत्येकी दोन स्क्रू असतात, म्हणजे एकूण चार. लोक वरचे दोन सैल करतात आणि खालचे राहतात, मग पाय कधी सहज निघतो कधी अडकतो आणि माणूस म्हणतो पेडल खराब. चारही सारखे कर, शेवटापर्यंत फिरवून क्लिक मोजत ये.

पिन_आणि_प्लॅटफॉर्म

वेगळं मत नोंदवतो. फ्लॅट पेडलच हवेत तर चांगल्या पिनांचे घ्या आणि सपाट रबरी सोलचा बूट, पावसातही सटकत नाही. क्लिपलेसने पाय वर ओढून खूप ताकद मिळते असं विकणारे सांगतात ते फुगवलेलं आहे. सपाटीवर एका लयीत चालवताना जोर खाली दाबण्यातूनच येतो, वर येणारा पाय फक्त आपलं ओझं दुसऱ्यावर टाकत नाही एवढंच. क्लिपलेसचा खरा फायदा म्हणजे पाय जागेवर राहतो, खड्ड्यात उडत नाही आणि जलद कॅडन्सला (पाय भरभर फिरवताना) सटकत नाही. तेवढ्यासाठी घ्या, स्पीड वाढेल म्हणून नको.

घाटवेडा

हे मान्य, सरासरी वाढेल म्हणून कुणी घेऊ नये. पण स्प्रिंटला आणि तीव्र चढावर वर ओढण्याचा उपयोग होतो, तिथे मी फ्लॅटवर परत जाणार नाही.

राजेंद्रनगर_रायडर

मंडळी, सगळं दोनदा वाचलं. माझे आठवड्यातले जास्त तास एबी रोडवरच जातात आणि बीआरएमला चालणं आहेच, म्हणून दोन बाजूंचं एसपीडी नक्की करतोय. एका बाजूला फ्लॅट आणि दुसऱ्या बाजूला एसपीडी असंही एक दुकानात दाखवलं, ईएच ५००, ते कसं? आणि ती सगळीकडून सुटणारी क्लीट म्हणतात ती काय? जुने पेडल काढायला गेलो तर डावं हलतच नाहीये, जोर लावून पान्याच्या कडा गोल व्हायला आल्यात.

महूवाला

थांब थांब, डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं! जोर लावू नकोस. उजवं नेहमीसारखं सुटतं, डावं घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. लक्षात ठेवायचं तर पाना क्रँकवर सरळ वर उभा धर आणि सायकलच्या मागच्या चाकाकडे ओढ, दोन्ही बाजूंना सुटतं. पुढच्या चाकाकडे ओढलं की दोन्ही आवळतात. अडलं असेल तर आट्यांत तेल सोडून रात्रभर ठेव. नवीन पेडलला १५ चा पाना लागेल का ८ ची एलन की ते दांड्याकडे बघून ठरव, आणि लावताना आट्यांना ग्रीस नक्की, नाहीतर पुढच्या वेळी हीच कुस्ती. सुरुवातीचे आटे हाताने फिरव, वाकडं गेलं तर क्रँकचे आटे जातील आणि क्रँक पेडलपेक्षा महाग पडतो.

ईएच ५०० वाईट नाही, चपला घालून भाजी आणायला जायचं असेल तर छानच. पण सिग्नलवर निम्म्या वेळा चुकीची बाजू वर येणार, तुला तेच टाळायचंय ना.

सगळीकडून सुटणारी म्हणजे एसएच ५६, एम ५२० साठी वेगळी विकत घ्यावी लागते. एम ५२० सोबत एसएच ५१ येते, ती टाच बाजूला फिरवली तरच सुटते. ५६ वर ओढली तरी सुटते, घाबरलेल्या पायाला बरी, पण घाटात उभं राहून जोरात ओढलं की तीही सुटू शकते. तुझा पाय एकदा घाटात सटकलाय, तू ५१ वरच राहा आणि काकांनी सांगितलेला कठडा धर.

फिजिओ_टिळकनगर

एक राहिलं होतं. क्लीटचे बोल्ट ग्रीस लावून नीट आवळा, ५ ते ६ न्यूटन मीटर, आणि पहिल्या दोन-तीन राईडनंतर परत तपासा. एक बोल्ट सैल झाला की टाच फिरवल्यावर क्लीट बुटाखाली नुसती गोल फिरते आणि पेडल सोडत नाही. तसं झालंच तर ओढाताण न करता कशाला तरी धरा, बुटाचा पट्टा उघडा आणि पाय बुटातून बाहेर काढा. आणि क्लीटच्या भोवती मार्करने रेघ मारून ठेवा, सरकली तर लगेच दिसेल, नवीन लावताना जागाही सापडेल.

राजेंद्रनगर_रायडर

निघालं! तेल सोडून मागे ओढलं आणि सुटलं, खूप आभार. पेडल आणि क्लीट ठरले, आता बूट बघायला संध्याकाळी जातोय.

सायकलकाका

छान. बूट घेतलेस की रविवारी जामगेटला लगेच येऊ नकोस, आधी दोन आठवडे सुपर कॉरिडॉरला पहाटे ये, रस्ता रुंद आणि रिकामा असतो. साडेपाचला आम्ही तिथेच असतो, क्लीटची जागा तिथेच बघून देतो, एलन की माझ्याकडे असते.